पुस्तकात सत्तेचाळीस

लास ओर्किलासच्या पंपावर दोन नळ्या,
त्यातली एक आठ वर्षं बंद.
पुढचा पंप दोनशे चाळीस किलोमीटरवर,
मध्ये पाटागोनियाचा वारा आणि चुकार ग्वानाको.
म्हणून इथे कुणी अमक्या पैशांचं टाक म्हणत नाही.
म्हणतात, भर. गळ्याशी येईपर्यंत भर.

निकानोर उएन्चुलची जुनी रेनो
त्या शनिवारी भाच्याने आणली होती.
सोमवारी म्हातारा स्वतः आला.
उतरला, दार तसंच उघडं टाकून,
आणि आमच्या मुलखात दार उघडं टाकणं
म्हणजे बिजागरीवर पाणी सोडणं.
एका हातात पावती : एकावन्न पूर्णांक तीन लिटर.
दुसऱ्या हातात गाडीचं पुस्तक, तेलकट, कोपरे मुडपलेलं.
"इथे छापलंय सत्तेचाळीस.
वरचं सव्वाचार कुणाच्या पोटात गेलं, मुली?"

मी त्रेपन्न वर्षांची. तरी मुलगीच.

म्हटलं, पुस्तक लिहिणारे सावध असतात.
पेट्रोल तापलं की फुगतं,
तेव्हा ते वर थोडी हवा राखून मोजतात.
म्हटलं, टाकीला मान असते, मानेतही मावतं.
नळी टक करते तेव्हा थांबायचं असतं,
तुझा भाचा म्हणतो, अजून एक घोट.
निम्मं वाऱ्याने नेलं.
उरलेलं ऐकून तो म्हणाला, चोर.

मग रविवारी आम्ही निघालो, गाडी कोरडी करायला.
मागच्या सीटवर तीन कॅन
आणि त्याच्या मेव्हण्याच्या दारूच्या दुकानातलं
पाच लिटरचं पितळी माप, सरकारी शिक्क्याचं.
गाडी बंद पडावी म्हणून
मी आयुष्यात पहिल्यांदाच देव पाण्यात ठेवले.

काटा शून्यावर टेकला. तो काही बोलला नाही.
दहा किलोमीटर. वीस.
तिसाव्याला त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.
चाळीसाव्याला खिडकी खाली केली, थंडी असून.
एकसष्टाव्याला इंजिनाने दोन ठसके दिले
आणि मग नुसता वारा.

मी माप भरत होते, तो मोजत होता.
दहा मापं पुरी गेली.
अकराव्यातलं तिसरा हिस्सा गेलं
आणि पेट्रोल मानेत चमकलं.
म्हणजे पंप खरा.
मी माफीची वाट पाहत कॅनचं झाकण पिळत राहिले,
गरजेपेक्षा जास्त वेळ.

तो रस्त्याच्या कडेला बसला आणि बूट काढला.
मोजा काढला. डाव्या पायाला तीनच बोटं.
"त्या हिवाळ्यात हीच गाडी होती," म्हणाला.
"बर्फ. काटा शून्यावर.
मी पुस्तक मानणारा माणूस, इंजिन बंद केलं.
म्हटलं, उरलंसुरलं थेंबभर सकाळी लागेल.
रात्रभर मेंढीच्या कातड्यात बसलो.
मोरालेसचं फार्म पुढे तीस किलोमीटरवर होतं."

यावर काय बोलायचं असतं ते मला येत नाही.
मी बावीस वर्षं फक्त आकडे वाचून दाखवलेत.

एक गोष्ट त्याला सांगितली नाही.
टाकीच्या तळाशी थोडं राहतंच,
लिटरभर असेल, गाळात मिसळलेलं,
आतल्या नळीचं तोंड तिथवर पोचत नाही.
ते पुस्तकात आहे की नाही, ठाऊक नाही.
माझ्या पावतीत नाही, त्याच्या पितळी मापात नाही,
आणि ते कुठल्याच रात्री कुणाला मिळालं नसतं.

परत आल्यावर त्याने माझ्याकडून पेन्सिल मागितली.
छापलेल्या सत्तेचाळीसवर काट मारली नाही.
खाली लिहिलं, शाळकरी अक्षरात,
"शून्यानंतर एकसष्ट."
पुस्तक भाच्यासाठी पुढच्या कप्प्यात ठेवलं
आणि दार, दोन्ही हातांनी धरून,
वाऱ्याच्या विरुद्ध लावलं.